त्र्यंबक रोडवर वादळात सापडलेल्या माणसाने थांबायचं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबक परिसरातल्या रस्त्यांबद्दल रोज बातम्या वाचतो, लेन किती, काँक्रीट किती, झाडं किती जाणार, पण याच रस्त्यावर सायकलवर, पायी नाहीतर दुधाची कॅन लावलेल्या मोटरसायकलवर असताना वादळ आलं तर माणसाने थांबायचं कुठे हे कुणीच विचारत नाही, म्हणून हे पत्र.

नाशिकमध्ये सायकलिंग आता काही मोजक्या लोकांचं राहिलेलं नाही. २०१५ मध्ये आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिकेतली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, पंढरपूरची सायकल वारी निघते, रविवारी पहाटे गंगापूर धरण, अंजनेरी, त्र्यंबक, पहिने सगळीकडे सायकली दिसतात. पहाटे आभाळ स्वच्छ असतं. एप्रिल-मे मध्ये वळिवाचा पाऊस येतो तो ऊन तापल्यावर, दुपारनंतर, म्हणजे लांब गेलेला माणूस परत फिरलेला असतो तेव्हा. आणि आता महिन्याचाही भरवसा नाही, २०२५ ला तर २६ मे लाच मान्सून मुंबईत पोचला होता.

मागच्या मे मध्ये आम्ही चौघं त्र्यंबकहून परत येत होतो, सोबत मित्राची सोळा वर्षांची मुलगी होती. अंजनेरी मागे पडलं आणि डाव्या बाजूने असा वारा सुटला की सायकल सरळ धरता येईना, ट्रक शेजारून गेला की आधी बाहेर ढकलल्यासारखं व्हायचं आणि तो पुढे गेला की आत ओढल्यासारखं. मग थेंब आले, टपोरे. पहिल्या सरीत रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ एक होऊन निसरडं होतं, त्यात तिच्या सायकलला रिम ब्रेक, रिम ओली झाल्यावर ती ब्रेक दाबतेय आणि चाक तसंच फिरतंय, शेवटी पाय टेकवत टेकवत उतरली. एक बसथांबा दिसला तर शेडला पत्राच नव्हता, नुसते खांब. पुढे एका मोठ्या झाडाखाली पोत्याची खोळ घेतलेल्या मजूर बायका, एक दूधवाला, दोन शाळेची पोरं अशी सगळी दाटीवाटीने उभी, आणि वर विजा चालू. आम्ही ओरडून ओरडून सगळ्यांना तिथून काढलं आणि रस्त्याकडेच्या एका ढाब्याच्या स्लॅबच्या खोलीत नेलं. ढाबेवाल्या दादांनी काही न विचारता शटर वर केलं, चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. त्यांचे उपकार आहेतच, पण दर वेळी ढाबा जवळ असेलच असं नाही ना.

झाडाखाली उभं राहणं सगळ्यात वाईट, वीज झाडावर पडली की तिथून माणसात शिरते. टायर रबरी आहेत म्हणून सायकलवर काही होत नाही हाही गैरसमजच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर, तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या इमारतीत नाहीतर बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर सांगतं, ते प्रत्येकाने टाकावंच. पण ॲपने सांगितलं वीज येतेय आणि नजरेच्या टप्प्यात एकही पक्की जागा नाही, मग पुढे काय?

म्हणून मागणी एवढीच आहे की रस्त्यांची कामं करताना दर काही किलोमीटरवर, जिथे गावाचा फाटा आहे तिथे, पक्क्या स्लॅबचा आणि तीन बाजूंनी भिंती असलेला निवारा बांधा आणि त्याच्यावर वीजरोधक यंत्र बसवा, नीट अर्थिंगसकट. नुसती पत्र्याची उघडी शेड पावसाला ठीक, विजेला अजिबात नाही, हे एस्टिमेट करणाऱ्यांनी आत्ताच लक्षात घ्यावं कारण नंतर म्हणतील बजेट संपलं. शिवाय रस्त्याच्या कडेला पांढऱ्या पट्टीबाहेर डांबरी पट्टा ठेवा, आत्ता बऱ्याच ठिकाणी डांबर संपतं तिथे थेट वीतभर खाली मातीत उतरावं लागतं, पावसात तिथे चाक गेलं की माणूस पडलाच. हे लाड फक्त सायकलवाल्यांचे नाहीत, निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जाणारे वारकरी, शेतावरून परतणाऱ्या बाया, शाळेची पोरं सगळी याच कडेने चालतात.

महिरावणी, खंबाळे, अंजनेरी या पट्ट्यात माणसं नेमकी कुठे अडकतात, कुठल्या वळणावर वारा आडवा लागतो हे आमच्या ग्रुपला पाठ आहे. संबंधित इंजिनिअर साहेबांनी एखाद्या सकाळी वेळ दिला तर आम्ही सोबत येऊन एकेक जागा दाखवू.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, सातपूर, नाशिक