सुध्याच्या गोळ्या

दादर, मुंबई

प्रिय विज्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, रागावला असशील. तब्येत बरी, साखर थोडी वर, एवढंच.

सुध्यानं एचआयव्हीच्या गोळ्या सोडल्यात. तीन आठवडे झाले. वहिनी काल फोनवर रडल्या.

झालं असं, त्यानं एका अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. तिथं कुणी सहज बोललं, तुमच्या अँटिबॉडी, म्हणजे रक्तातली विषाणूला धरणारी प्रथिनं, नाना तऱ्हेच्या एचआयव्हीला अडवतात. हा हरखला. म्हणतो, "माझं रक्तच औषध आहे रे!"

पंचाईत अशी, की अँटिबॉडीचं खरं आहे. २००५ मध्ये गोळ्या सुरू होईपर्यंत सात-एक वर्षं विषाणू त्याच्या अंगात रूपं बदलत होता आणि लसिकागाठींतल्या बी-पेशी, अँटिबॉडी बनवणाऱ्या त्या, मागे लागल्या होत्या. त्यांच्या जनुकांत बदल होतात, जी पेशी विषाणूला घट्ट चिकटते ती टिकते, बाकीच्या मरतात, पुन्हा बदल. वर्षानुवर्षं हे चाललं की एखाद्याच्या अंगात अशी अँटिबॉडी तयार होते, जी विषाणूला सहसा बदलता न येणारी जागाच धरते. पेशीत शिरायला तो जी वापरतो, ती. २०१० मध्ये जाहीर झालेली व्हीआरसी०१ नावाची अँटिबॉडी तशीच. तिचं जनुक मूळ रूपापासून तीसेक टक्के बदललेलं.

पण ज्याच्या अंगात ती घडते, त्याचा विषाणू तोवर तिलाही चकवून पुढे गेलेला असतो! सुध्याच्या अँटिबॉडी दुसऱ्यांचे विषाणू धरतील, त्याचा स्वतःचा नाही. लस शोधणाऱ्यांना त्या सोन्यासारख्या, कारण बी-पेशींना टप्प्याटप्प्यानं तिथवर कसं न्यायचं हेच त्यांना हवंय. सुध्याला वहीत आकृती काढून दाखवली. व्हीआरसी०१ च्या चाचण्यांचंही सांगितलं: लागण नसलेल्या साडेचार हजारांवर माणसांना ती दिली, २०२१ मध्ये निकाल, एकूण लागण थांबली नाही, तिला दबणारे विषाणू तेवढे अडले. तर म्हणतो, "अडले ना काही?"

परळ स्टेशनच्या जिन्यावर तू त्याला भर गर्दीत शिव्या घातल्या होत्यास, आठवतं? मी तुला निर्दयी म्हणालो, दोन महिने बोललो नाही. पण त्या शिव्यांमुळेच तो गोळ्या घ्यायला गेला. चूक माझी होती, विज्या.

पिंकीचं ठरलं, फार आनंद झाला. घराचा रंग झाला का?

रविवारी डेक्कन क्वीननं ये. पुण्यात राहून शिव्या गोड झाल्या असतील तर लोणावळ्यापर्यंत सराव कर. दादरला उतर, मी फलाटावर असेन. तिथून थेट त्याच्याकडे.

तुझा,
अन्या