होमलँडरचा झगा

।। श्री ।।

मिरज,
रविवार, २५ ऑगस्ट २०२४

प्रिय मन्या,

वर ‘श्री’ घातलाय तो आधी बघून घे. कुणी गेलेलं नाही, सगळे धडधाकट आहेत. ग्रुपवर तू नाहीस, फोन उचलत नाहीस, वहिनी म्हणतात “कामात आहेत”, म्हणून शेवटी कागदाला हात घातला. दुकानाच्या लेटरहेडची मागची बाजू आहे, चालवून घे.

महिना होऊन गेला. ‘द बॉईज’ या अमेरिकन सुपरहिरो सिरीजचा चौथा सीझन संपला त्या आठवड्यात तू ग्रुपवर शेवटची एकच ओळ टाकलीस, “तुम्ही सगळे त्या टॉडच्याच माळेतले मणी” (टॉड म्हणजे सिरीजमधल्या होमलँडर या क्रूर सुपरहिरोचा आंधळा भक्त), आणि निघून गेलास. सुमीला सांगितलं तर ती म्हणाली, “तुमच्यापेक्षा नळावरची भांडणं बरी. त्यांना निदान पाणी तरी मिळतं.”

सगळं झालं अथर्वच्या फोटोवरून. पण फोटोच्या आधीची गंमत तुला माहीत नाही. आमच्या ताईचा हा पोरगा आता वीस वर्षांचा झाला, सांगलीला इंजिनियरिंग करतोय. कॉलेजात कॅरेक्टर डे होता आणि त्याला व्हायचं होतं होमलँडर. निळा फुल बाह्यांचा टीशर्ट मिळाला, खांद्यावरचे सोनेरी गरुड पुठ्ठ्याचे झाले, अडलं ते झग्यापाशी. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं सॅटिन घेऊन आम्ही टेलरकडे गेलो. टेलर म्हणाला, “पंधरा ऑगस्टचं का? मग केशरी-हिरवा कुठाय?” अथर्वने मोबाईलवर फोटो दाखवला. टेलरने चष्मा कपाळावर चढवून तो नीट न्याहाळला.

“हा चांगला माणूस का वाईट?”

“वाईट.”

“मग त्याचा कशाला शिवतोस?”

अथर्व काही बोलला नाही. परत येताना गाडीवर मागे बसून म्हणाला, “मामा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही ना, म्हणून.” आमच्या दाजींना तू ओळखतोस. त्या घरात पंखा किती नंबरवर फिरवायचा हेसुद्धा दाजी ठरवतात. मला पोराचं म्हणणं कळलं. झगा घालून, छाती काढून, तोंडभर हसताना त्याने काढलेला फोटो मी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “आमच्या घरचा होमलँडर”. बाकीच्यांनी अंगठे दिले, तू भडकलास.

आता कबुलीजबाब. तिसऱ्या सीझनचा शेवट आठव. सुपरहिरो पोसणाऱ्या वॉट कंपनीच्या टॉवरसमोर होमलँडरचे चाहते जमलेत, तो पोराला, रायनला, सगळ्यांसमोर आणतो. गर्दीतला एक विरोधक रायनला डबा फेकून मारतो. होमलँडर डोळ्यांतून एक झोत सोडतो आणि त्या माणसाचं डोकं उडतं. क्षणभर सगळं चिडीचूप. होमलँडरच्या चेहऱ्यावरही ‘आता काय’ असा भाव. मग तो टॉड दोन्ही हात वर करून ओरडतो आणि अख्खी गर्दी चेकाळते. रायन हळूच हसतो. जुलै २०२२ ची गोष्ट. दुकान बंद करून रात्री साडेदहाला मी आणि अथर्व पिठलं-भाकरीचं ताट मांडीवर घेऊन बघत होतो. त्या किंचाळ्या सुरू झाल्या आणि आम्ही दोघांनी एकमेकांना टाळी दिली. मन्या, आम्ही टाळी दिली! हाताला पिठलं होतं म्हणून लक्षात राहिलं. तेव्हा तू म्हणालास ते साफ खोटं नाही, एवढं मी लेखी देतो.

पण टॉडचं पुढे काय झालं ते विसरू नकोस. चौथ्या सीझनच्या पहिल्याच भागात होमलँडरला चाहत्यांची प्रेतं हवी असतात, विरोधकांवर आळ घालायला. टॉड आणि त्याच्यासारखे आणखी दोघं देवाने बोलावल्यासारखे हरखून येतात आणि त्याचीच माणसं त्यांना बॅटने ठेचून मारतात. सिरीजवाल्यांनी आपल्या चाहत्यांना पाठवलेलं पत्रच होतं ते. किती जणांनी फोडून वाचलं कुणास ठाऊक.

तुझा राग कुठून येतो हे मला कळत नाही असं समजू नकोस. दुसऱ्या सीझनच्या सातव्या भागाची सुरुवात तू मला फोनवर दोनदा सांगितली होतीस. तो आईबरोबर राहणारा मुलगा. सकाळी उठला की स्क्रीनवर परक्यांविरुद्ध भडकवणाऱ्या सुपरहिरोईनचं, स्टॉर्मफ्रंटचं भाषण, घराबाहेर तेच, रात्री तेच. रोज तो कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, परदेशातून आलेला दिसणारा साधा दुकानदार त्याला रोज सुटे परत देतो. हळूहळू पोराला त्या दुकानदाराचे डोळे चमकल्याचे भास व्हायला लागतात आणि एक दिवस तो त्याला गोळी घालतो. मी इथे तो प्रसंग ‘काय भारी घेतलाय’ म्हणून बघितला. तू तिकडे कॅनडात, मिसिसागात राहतोस, रात्री अकराला पेट्रोल भरायला जातोस, काउंटरमागे तुझ्यासारखाच कुणीतरी असतो. आपलं बघणं एक कसं असेल? हे मला उशिरा सुचलं. त्याबद्दल कान धरतो.

मात्र अथर्वला तू थेट त्या मुलाच्या रांगेत बसवलंस, ते मला पटत नाही. आणि सगळा दोष चाहत्यांवर टाकून मोकळं होणंही पटत नाही. गार्थ एनिसने लिहिलेलं आणि डॅरिक रॉबर्टसनने काढलेलं मूळ कॉमिक, २००६ पासून २०१२ पर्यंत चाललेले ७२ अंक, तू मला वाचायला लावलंस. माझं मत तेव्हाही तुला आवडलं नव्हतं. एनिसला सुपरहिरोंची इतकी शिसारी आहे की शे-दोनशे पानांनंतर तोच तो मळमळाट होतो. पण त्यात एक गोष्ट वेगळी आहे. तिथे होमलँडरला स्वतःचे भयानक फोटो येतात, त्याला त्यातलं काही आठवत नाही, आणि शेवटी कळतं की सगळ्यात वाईट कृत्यं त्याची नव्हतीच, त्याचाच क्लोन असलेल्या ब्लॅक नॉयरची होती. म्हणजे कॉमिकने होमलँडरला पळवाट ठेवली होती. सिरीज बनवणाऱ्या एरिक क्रिप्कीने ती बुजवून टाकली. त्याचा वैरी बुचर, त्याच्या बायकोवरचा, बेकावरचा अत्याचार होमलँडरनेच केलेला, विमानातल्या लोकांना मरायला सोडून निघालेला तोच. आणि गंमत बघ, पळवाट काढून घेतल्यावर त्याचे चाहते वाढले!

याचं कारण माझ्या मते होमलँडर रंगवणाऱ्या अँटनी स्टारचा चेहरा. तो हसतो तेव्हा ओठ आधी पसरतात आणि डोळे मागे राहतात. मग पापणीखाली काहीतरी एकदाच उडतं. सिरीजने हा चेहरा आपल्याला इतका जवळून, इतका वेळ दाखवलाय की त्या मानाने सुपरहिरोंशी लढणारा साधा पोरगा ह्यूई बिचारा पाहुणा वाटतो. चौथ्या सीझनमध्ये तो आपण जिथे वाढलो त्या प्रयोगशाळेत परत जातो आणि लहानपणी छळणाऱ्यांना एकेक करून गाठतो. तो भाग बघताना आपण कुणाच्या बाजूला बसलेलो असतो, खरं सांग. कॅमेरा ज्याच्या मांडीवर बसवतो, त्याचेच आपण होतो. मिरज स्टेशनच्या स्टॉलवर उभ्याने इंद्रजाल कॉमिक्स वाचताना वेताळाचा ठोसा बसला की आपण कुणाच्या जबड्यावर बसला हे कधी बघितलं होतं?

माझी झोप उडवली ती वेगळ्याच गोष्टीने, आणि त्याबद्दल चाहत्यांमध्ये फारसं कुणी बोलत नाही. ते कंपाउंड व्ही. माझा धंदाच औषधाचा, त्यामुळे मला त्यात रक्त दिसतच नाही, कागद दिसतात. जग समजतं की हे सुपरहिरो देवाने धाडले. प्रत्यक्षात वॉट कंपनीने तान्ह्या बाळांना औषध टोचलेलं, आणि आईबापांनी त्यावर सह्या केलेल्या. ह्यूईची प्रेयसी, सुपरहिरोईन स्टारलाइट, तिच्या आईनेही. माझ्याकडे शेड्यूल एचची साधी स्ट्रिप द्यायची तर चिठ्ठी बघावी लागते, बॅच नंबर बिलावर घालावा लागतो. आणि तिथे एक पिढीच्या पिढी बिनबिलाची! आपल्याकडे बाळाला गुटगुटीत करायला काहीतरी द्या म्हणून मागे लागणारे आईबाप मी रोज बघतो. त्यांच्यासमोर व्हीची बाटली ठेवली तर किती जण नको म्हणतील याचा विचार करत मी एक रात्र काढली. असो. विषय भलतीकडे चालला.

मूळ मुद्दा लोकांच्या प्रतिक्रियांचा. तू म्हणालास, चौथ्या सीझनला एक-एक स्टार देऊन झोडपणारे सगळे होमलँडरभक्त. इथे तू घाई केलीस. आठवतं, दुसऱ्या सीझनलाही असाच एका स्टारचा पाऊस पडला होता? सप्टेंबर २०२० मध्ये. तेव्हा तक्रार काय होती? तर पहिल्या सीझनचे आठही भाग एकदम आले होते आणि आता तीन देऊन बाकीचे आठवड्याला एक. कथेबद्दल चकार शब्द नाही! मला हसू आलं, कारण माझ्या दुकानाला मॅपवर जो एकमेव एक स्टार आहे तो दुकानासमोर कुत्रं बसतं म्हणून आहे. कुत्रं माझं नाही.

यंदाच्या जूनमध्ये बरेच जण ‘सिरीज आता राजकीय झाली’ म्हणून ओरडले, हे खरं. त्यांच्याबद्दल मी तुझ्या बाजूने. दुसऱ्या सीझनमध्ये चक्क नाझी बाई आणून उभी केली होती, तेव्हा हे काय डुलक्या घेत होते? क्रिप्कीनेही मुलाखतीत सांगून टाकलं की पटत नसेल तर दुसरं काहीतरी बघा.

पण त्याच ढिगात दुसरेही होते. सहाव्या भागात टेक नाइट या सुपरहिरोच्या तळघरात ह्यूईवर जे लैंगिक अत्याचार होतात, ते बाईवर झाले असते तर कुणी विनोद म्हणून दाखवले असते का? आणि क्रिप्की म्हणतो, आम्हाला ते गमतीदार वाटलं. पुढे कुणीतरी स्टारलाइटचं रूप घेऊन ह्यूईला फसवतं, आणि माफी कुणी मागायची, तर ह्यूईने! यावर जे चिडले ते मला सगळ्यात शहाणे प्रेक्षक वाटले. ते नीट बघत होते. कळवळा होता म्हणून चिडले. त्यांचा एक स्टार आणि ‘आमच्या होमलँडरला वेडा का दाखवता’ म्हणणाऱ्याचा एक स्टार, दोन्ही सारखेच दिसतात, एकाच सरासरीत जातात. गव्हाबरोबर खडेही वजनात धरले जातात तसं. तूही ढीग बघितलास आणि निवडायचा कंटाळा केलास.

आणखी एक, आता लिहितोच आहे तर. अथर्वला मी परवा तुझा राग सांगितला. तो गप्प बसला. नंतर त्याने दुसऱ्या सीझनचा तो भाग पुन्हा लावला, दुकानदाराचा. बघून म्हणाला, “मन्यामामा तिकडे एकटे जातात का रात्री पेट्रोलला?” मी म्हटलं, जातात. त्याने टीव्ही बंद केला आणि जेवायला गेला. त्याचं मतपरिवर्तन झालं असं मी म्हणत नाही. त्याच्या मोबाईलवर अजून होमलँडरचाच फोटो आहे.

तू मागे पाठवलेला रॉय थॉम्सन हॉलचा फोटो मात्र मी दुकानात काउंटरच्या काचेखाली लावलाय. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून वर बघणारा तू आणि मागे ती काचेची जाळीदार गोल इमारत. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगतो, टोरांटोत गाण्याच्या मैफलींचा हॉल आहे, सिरीजमध्ये याच्या डोक्यावर कॉम्प्युटरने टॉवर चढवला आणि वॉट कंपनीचं ऑफिस केलं. गिऱ्हाईक म्हणतं, “आणि हे वर काय बघतायत?” त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

बाकी इथे पाऊस चांगला झाला. काकूंची बीपीची गोळी बदलली आहे, मी स्वतः नेऊन दिली, काळजी करू नकोस. गणपती सात तारखेला. ताईने तो झगा धुऊन, इस्त्री करून यंदाच्या मखराला मागचा पडदा म्हणून लावायचा ठरवलाय. “सॅटिन आहे, चारशे रुपये घातलेत, वाया कशाला घालवायचं?” चांदण्यांचा भाग दुमडून आत घेतला की नुसते लाल-पांढरे पट्टे दिसतात, कुणाला कळणारही नाही. दाजींनीही परवानगी दिली आहे!

फोटो टाकीन, पण तो ग्रुपवरच. लिंक वहिनींकडे दिली आहे.

तुझा,
बाळ्या

ता. क. शेवटचा सीझन यायचा आहे अजून. तेव्हा एकत्र बघू. तुझी सकाळ, माझी रात्र, फोन चालू ठेवून. टाळी वाजली तर कुणी वाजवली ते तिथल्या तिथे कळेल.