स्वादुपिंडाच्या कॅन्सरची चाचणी: आधी कोणाची करायची ते ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रक्ताच्या थेंबातल्या एक्सोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्यांवरून स्वादुपिंडाचा कॅन्सर ओळखता येणार, अशी बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आली. बातमी खोटी नाही, अर्धी आहे. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, म्हणून राहिलेल्या अर्ध्या भागाबद्दल लिहितो.

या रोगाबद्दलची भीती रास्तच आहे. मनोहर पर्रीकर गेले तेव्हा त्याचे नाव घरोघरी पोचले. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले असते, दुखू लागेपर्यंत उशीर झालेला असतो आणि निदानाच्या वेळी शंभरातल्या पंधरा-वीस जणांचेच ऑपरेशन करता येते. सध्या हाताशी असलेली सीए १९-९ ही रक्तातल्या त्याच नावाच्या पदार्थाची चाचणी उपचार लागू पडताहेत का हे पाहायला बरी, रोग शोधायला नाही. पित्ताशयातला खडा नळीत अडकून कावीळ झाली तरी त्याचे प्रमाण वाढते. उलट काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ जन्मतःच तयार होत नाही, त्यांना कॅन्सर असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. तरीही 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात ती सर्रास घातलेली दिसते. खड्याच्या काविळीचा रुग्ण आणि हातात 'हाय' आलेला कागद घेऊन काउंटरवर रडणारी त्याची बायको मी पाहिली आहे.

बातमीतल्या एक्सोसोमचा शोध तसा जुना, १९८०च्या दशकातला. पेशी सतत बाहेर सोडत असलेल्या या पिशव्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या, म्हणजे तांबड्या पेशीच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही लहान. त्यांत त्या पेशीची प्रथिने आणि आरएनए असतात, आणि वरच्या आवरणामुळे ते टिकून राहतात. रक्त, लघवी, लाळ, स्वादुपिंडाचा रस, सगळीकडे त्या सापडतात. कल्पना उत्तमच आहे.

अडचण सुरू होते ती ट्यूबपासून. रक्त गोठताना प्लेटलेट स्वतःच अशा पिशव्या ढिगाने सोडतात, त्यामुळे सीरम (रक्त गोठल्यावर उरलेले पाणी) घेतले की प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातले पाणी) यानेही आकडा बदलतो. मे महिन्यात कलेक्शनवाल्या मुलाच्या बाइकच्या डिकीत तासभर हिंदकळलेल्या ट्यूबचे काय होत असेल, ते सांगायला नको. शिवाय रक्तातले कोलेस्टेरॉल वाहणारे काही कणही याच मापाचे आणि संख्येने कितीतरी जास्त. कॅन्सरच्या पेशीने सोडलेल्या मूठभर पिशव्या त्यांतून वेगळ्या काढणे रक्त गरगर फिरवून थर वेगळे करणाऱ्या आपल्या नेहमीच्या सेंट्रिफ्यूजचे काम नव्हे.

म्हणूनच पहिल्या निकालावर उडी मारू नये. २०१५ साली अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरच्या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात जाहीर केले की, ग्लिपिकन-१ हे प्रथिन असलेल्या एक्सोसोमवरून त्यांच्या अभ्यासातले कॅन्सरचे रुग्ण आणि निरोगी माणसे एकही चूक न होता वेगळी ओळखता आली. जगभर मथळे झाले. दोनच वर्षांनी दुसऱ्या गटाला मात्र याच खुणेवर विसंबता येईना. त्यांना एक्सोसोममधले मायक्रो-आरएनए, म्हणजे आरएनएचे अगदी छोटे तुकडे, जास्त भरवशाचे वाटले. त्यानंतर खुणांच्या याद्या वाढत गेल्या, पण दवाखान्यात सर्रास वापरावी अशी चाचणी अजून हाती आलेली नाही.

समजा, उद्या ती आली आणि शंभर निरोगी माणसांत एकाच्याच बाबतीत चुकली. ऐकायला झकास! पण भारतात हा कॅन्सर वर्षाला लाखामागे एखाद-दुसऱ्यालाच होतो. सरसकट लाखभर लोक तपासले तर हजार जणांना विनाकारण सीटी स्कॅन, एंडोस्कोपी, सुई आणि झोप उडालेल्या रात्री. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनेही २०१९ साली, लक्षणे आणि विशेष धोका नसलेल्यांची अशी तपासणी करू नका, असेच सांगितले आहे.

हीच चाचणी पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांवर करून पाहा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात अशा शंभरातल्या जवळजवळ एकाला तीन वर्षांत हा कॅन्सर निघाला होता. म्हणजे हजारांमागे दहा खोट्या घंटा, पण रोग असलेले सगळे सापडले तर आठ-नऊ खऱ्याही, आणि त्यातल्या काही ऑपरेशनच्या वेळेत. घरात हा रोग असलेले आणि स्वादुपिंडाला वारंवार सूज येणारेही याच रांगेत पुढे हवेत. आज मात्र साठीच्या माणसाची साखर अचानक वाढली आणि वजन सहा-सात किलो उतरले, तर घरचे 'शुगरनेच वाळलाय' म्हणतात, डॉक्टर गोळी वाढवतात आणि पोटाचा स्कॅन राहून जातो. तो स्कॅन तर आजही उपलब्ध आहे.

तेव्हा विनंती एवढीच की, यापुढे अशी बातमी छापताना तपासलेल्यांत पहिल्या टप्प्याचे रुग्ण किती होते आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच निकाल आला का, या दोन गोष्टी बातमीदाराने विचाराव्यात. आणि पन्नाशीनंतरच्या अचानक मधुमेहावर एखाद्या पोटविकारतज्ज्ञाचा लेख आरोग्य पुरवणीत जरूर घ्यावा.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज