मा. रेल्वेमंत्री साहेब, पीजे परत आणताय तर मालधक्काही आणा

मा. रेल्वेमंत्री साहेब,
सा. न. वि. वि.

मी शेंदुर्णीचा, तालुका जामनेर, जिल्हा जळगाव. घरचा कापूस आहे, थोडी केळी आहे. पत्र लिहायचं कारण आमची पीजे. पाचोरा-जामनेर लाईनीला इकडे कोणी पूर्ण नावाने बोलवत नाही, पीजे म्हटलं की लहान पोरालाही कळतं. अडीच फुटी रूळ, ५६ किलोमीटर, पाचोऱ्याहून वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत जामनेर. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा ती थांबली, नंतर देशभरच्या गाड्या सुरू झाल्या पण ही परत सुटलीच नाही. आमच्या गल्लीतले एक आबा अजून भेटले की विचारतात, "गाडी कधी सुरू व्हईन रे भो?" आणि मला दर वेळी तेच सांगावं लागतं की आबा, आता ती नाही, आता मोठी लाईन होणार.

मोठी लाईन मंजूर झाली त्याबद्दल मनापासून आभार. जुन्या मार्गाचं ब्रॉडगेज करायचं आणि जामनेरच्या पुढे नेऊन मेन लाईनला जोडायचं, मिळून ८४ किलोमीटर, असं कागदावर आहे. माझं म्हणणं त्या कागदातल्या एकाच गोष्टीबद्दल आहे, ती म्हणजे माल. गावात जो तो पॅसेंजर किती वाजता येणार, मुंबईला थेट डबा लागणार का एवढंच विचारतो आणि ते बरोबरच आहे, पण आमचा कापूस आणि आमची केळी या लाईनीवर चढणार की नाही हे कोणीच विचारत नाहीये.

कारण साहेब, ही लाईन मुळात टाकली होती ती कापसासाठी. पहिलं महायुद्ध संपत आलं त्या सुमाराला. त्याच्या आधी १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा झाला, त्याच वेळी सुरतेकडून ताप्ती व्हॅलीची लाईन अमळनेरकडे येत होती, त्या काळात खान्देशात रूळ आले ते सरकीच्या आणि रुईच्या मागे आले. माझे वडील सांगायचे की त्यांच्या लहानपणी पीजेला मालडबे लागायचे, गाठी पाचोऱ्याला उतरायच्या आणि तिथे हमाल त्या परत मोठ्या गाडीत चढवायचे. मी स्वतः पाहिलं ते फक्त माणसांची गाडी. फाटक आलं की गाडी थांबायची, गेटमन गाडीतूनच उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पुढे सरकली की फाटक उघडून धावत येऊन परत डब्यात चढायचा, आणि आम्ही पोरं दारात उभे राहून बघायचो की आज तो पोचतो की नाही. रोज पोचायचा.

लोक म्हणतात पीजे कोरोनाने संपवली. मला ते पटत नाही. तिच्यावरून माल जायचा थांबला तेव्हाच तिच्यातला जीव गेला होता, पुढची वर्षं ती नुसती तिकिटांवर चालली आणि त्या तिकिटात डिझेल तरी निघत असेल का मला शंका आहे. माल का थांबला तेही सांगतो. एक म्हणजे पाचोऱ्याला गेज, म्हणजे रुळांची रुंदी, बदलायची, म्हणजे हमाली दोनदा, वेळ दोनदा, गाठ फाटायची ती वेगळीच. ट्रक मात्र जिनिंगच्या दारातून उचलतो आणि गिरणीच्या दारात टाकतो. दुसरं म्हणजे १९८० नंतर रेल्वेने सुट्या वॅगनी घेणं कमी करत करत जवळजवळ बंदच केलं, पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरत असेल तरच या, असा नियम आला. तो नियम सगळाच चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, कारण सुटी वॅगन यार्डात आठ-आठ दिवस पडून राहायची आणि कोळसा, सिमेंट, खत यांना पूर्ण रेकच परवडतो. पण छोट्या स्टेशनांचे मालधक्के त्या नियमाने एकेक करून मोकळे झाले, आणि फाट्यावरच्या लाईनींना त्या मालाशिवाय दुसरा आधार नव्हता.

आता हिशोब बघा. आजचा बंद वॅगनचा नवा रेक ५८ वॅगनचा, चार हजार टनाच्या आसपास. कापसाची एक गाठ १७० किलोची, म्हणजे वजनाने धरलं तर एका रेकला २३ हजारांच्या वर गाठी लागतील. आमच्याकडे सौदा होतो तो शंभर गाठींचा, म्हणजे १७ टन, एक ट्रक. शंभर गाठीवाला माणूस २३ हजार गाठी कुठून आणणार, आणि आणल्या तरी ठरलेल्या तासात भरायच्या नाहीतर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. त्यामुळे आमचा माल कोइंबतूरकडे जावो नाहीतर गुजरातला, ट्रकनेच जातो, आणि डिझेल वाढलं की ते भाडं व्यापारी स्वतःच्या खिशातून देत नाही, आमच्या भावातून कापतो.

केळीचं तर याहून वाईट. माझे मेव्हणे निंभोऱ्याला असतात, रावेर तालुका, घरापासून स्टेशन चालत दहा मिनिटांवर. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांचा नवतीचा, म्हणजे नव्या बागेचा, माल दिल्लीला निघाला, ट्रकने. केळी पाऊण तयार असतानाच कापतात, कच्ची, म्हणजे पोचेपर्यंत टिकते. ट्रक वाटेत बिघडला, दीड दिवस उन्हात उभा राहिला. कोणाची चूक काढायची, गाडीच ती, बिघडली. पण तिकडे ताडपत्री काढली तेव्हा वरचे थर पिवळे पडलेले आणि मधल्या घडांना हात लावला तर साल हातात येत होती. तेरा महिने सांभाळलेली बाग शेवटी वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, भावात गेली. मेव्हणे त्या दिवशी मला फोनवर एवढंच म्हणाले की अरे, आपल्या घरातून गाडीची शिट्टी ऐकू येते रे.

आणि हे रेल्वेला जमत नाही असंही नाही ना. सावदा, निंभोरा, रावेरहून केळीच्या गाड्या दिल्लीला जायच्या हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली, जळगाव-भुसावळला थांबून गेली. तिच्यात सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या मते पुढे मिळालेली ५० टक्के भाडेसवलत नव्हती, मोठी गोष्ट ही होती की कमीत कमी किती माल पाहिजे अशी अटच नव्हती. चार क्रेट असले तरी बुक करा, वाटेतल्या स्टेशनावर चढवा, वाटेत उतरवा. साठ-सत्तर वर्षांत छोट्या शेतकऱ्याला रेल्वेने एवढं सोपं कधी केलं नव्हतं. सवलत सरकारला नेहमी देता येणार नाही हे मी समजू शकतो, पण ती अट नसणं, त्याला कुठे पैसा लागतो?

म्हणून मागणी करतोय ती रेकची नाही. एक पार्सल व्हॅन, म्हणजे सामानाचा बंद डबा, २३ टनाची असते, म्हणजे साधारण आमचा एक ट्रक. नव्या पीजेवर जी मेमू किंवा पॅसेंजर धावेल ती माणसांना नेईल, पण दिवसातून एकदा, रात्री का होईना, चार-सहा व्हॅनची एक गाडी जामनेर, पहूर, शेंदुर्णी करत पाचोऱ्याला यावी आणि तिथून भुसावळला पुढच्या गाडीला जोडावी. ब्रॉडगेज झाल्यावर पाचोऱ्याची ती दुहेरी हमाली राहणार नाही, शेंदुर्णीत बंद केलेलं दार थेट दिल्लीत उघडेल, आमच्या बापजाद्यांना जे मिळालं नाही ते आम्हाला मिळेल.

मेन लाईनवर जागा नाही, पाथ म्हणजे गाडी सोडायला मोकळी वेळ मिळत नाही, हे उत्तर आम्हाला वर्षानुवर्षं मिळालंय आणि ते खरंही होतं, भुसावळच्या पुलावर उभं राहिलं की एकामागे एक मालगाड्या दिसतात. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये तुमच्याच सरकारने मनमाड-जळगाव चौथी लाईन, १६० किलोमीटर, आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाईन, १३१ किलोमीटर, मंजूर केल्या. ही खंडव्याची लाईन सावदा, निंभोरा, रावेर याच केळीच्या पट्ट्यातून जाते. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये जालना-जळगाव १७४ किलोमीटर आणि सप्टेंबरमध्ये मनमाड-इंदूर ३०९ किलोमीटर. खान्देशासाठी एका वर्षात एवढ्या लाईनी मंजूर झाल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही. आता बारा हजार हॉर्सपॉवरची इंजिनं आहेत, सहा हजार टन ओढतात, त्यांनी कोळसा ओढावाच, पण या सगळ्या नव्या लाईनींतून रोज एक-दोन पाथ फळं आणि गाठी नेणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी टाईमटेबलात आत्ताच लिहून ठेवा. नंतर कोणी देत नाही.

आणि एक अगदी बारीक गोष्ट. आमच्या स्टेशनाला लागून मोकळी जागा आहे, सध्या तिथे बाभळी वाढल्यात आणि बकऱ्या चरतात. नव्या नकाशात तिथे एक लूप लाईन, म्हणजे गाडी बाजूला उभी करायचा जादा रूळ, ट्रॅक्टर-ट्रॉली लागेल असा उंच धक्का आणि वर पत्र्याची शेड, एवढं दाखवा. पहूर आणि जामनेरलाही तसंच. सर्व्हेवाले साहेब लोक आले होते तेव्हा मी त्यांना हे विचारलं, ते म्हणाले आमच्या ड्रॉइंगमध्ये जे असेल तेच आम्ही मोजतो. तर साहेब, ते ड्रॉइंगमध्ये यावं, कारण एकदा त्या जागेवर पार्किंग आणि दुकानं आली की तिथे मालधक्का होणे नाही.

आपला,
शेंदुर्णीचा एक कापूस उत्पादक