सिंहस्थाच्या तयारीत वॉकीटॉकीच्या बॅटऱ्याही बघा

महोदय,

सिंहस्थ म्हटलं की पेपरात रस्ते, घाट, साधुग्राम सगळं येतं, पण गर्दी सांभाळणाऱ्या पोरांच्या हातातल्या वॉकीटॉकीबद्दल कुणी बोलत नाही. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसणार, मोबाईलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही, तेव्हा हेच डबडं कामाला येणार. आणि मंडळांचे, सोसायट्यांचे सेट तर कपाटात पडून असतात, बॅटरी आत तशीच.

जुनी बॅटरी फसवते हो. सेट चालू होतो, हिरवा दिवा लागतो, समोरच्याचं बोलणं खणखणीत ऐकू येतं, कारण ऐकायला करंट फार लागत नाही. पण बोलायला बटण दाबलं की एकदम कितीतरी जास्त करंट ओढला जातो, बॅटरीचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढलेला असतो, व्होल्टेज धपकन खाली येतं आणि सेट बंद! म्हणजे ‘इकडे गर्दी वाढली’ हे सांगायच्या वेळेलाच. म्हणून नुसता दिवा बघून ओके म्हणू नका, बटण दाबून अर्धा मिनिट बोलून बघा.

बदलायची तर पूर्ण पॅक, म्हणजे आतल्या सगळ्या सेलसकट बॅटरी बदला. काहीजण पॅक फोडून एकच सेल नवा टाकतात, पैसे वाचतात खरे, पण कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याला उलटा चार्ज करायला लागतात. चार्जरचंही तेच. निकेल मेटल हायड्राइडचा पॅक ७.२ व्होल्टचा, लिथियमचा ७.४ चा, दिसायला सारखेच, त्यामुळे जुन्या चार्जरमध्ये नवी बॅटरी बसते आणि लोक बसवतात पण. लिथियमच्या दोन सेलच्या ७.४ च्या पॅकचं चार्जिंग ८.४ व्होल्टला थांबायला पाहिजे, निकेलच्या चार्जरला ते कसं कळणार? एमजी रोडला बॅटरी घेताना चार्जर कुठला आहे ते आधी सांगा.

‘पूर्ण उतरवूनच चार्ज करायची’ हा सल्ला जुन्या निकेल कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला, लिथियमला तो लावू नका. चार्जिंगला सेट बंद ठेवा, उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवू नका, महिनोन्महिने वापर नसेल तर निम्मी चार्ज करून सेटमधून काढून ठेवा. फुगलेली असेल तर चार्जरला लावूच नका.

आता महापालिकेला एक विनंती. मेलेल्या बॅटऱ्या लोक सर्रास घंटागाडीत टाकतात, कॅडमियम विषारी आहे आणि लिथियम दाबली गेली तर पेट घेते. बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ पासून आहेत, पण साध्या माणसाने जुनी बॅटरी नेऊन द्यायची कुठे? प्रत्येक विभागीय कार्यालयात एक पेटी ठेवा आणि ती वेळच्या वेळी रिकामी होते का तेही बघा.

– एक वाचक, सिडको, नाशिक