आईच्या गुडघ्यांना झेपेल असं आंतिग्वा

आंतिग्वा, ग्वाटेमाला

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

तिकिटं काढली. आता ‘पुढच्या वर्षी बघू’ नाही आणि ‘वाडी कोण सांभाळणार’ हे तर मुळीच नाही. काकाशी मी परस्पर बोलले आहे, तीन आठवडे तो बघेल म्हणाला. फोनवर दर वेळी आई विचारते, ‘तिथे बघायला आहे काय?’ आणि बाबा विचारतात, ‘खायला काय मिळतं?’ मी सांगायला लागले की बोर्डीतली रेंज जाते, नाहीतर दारात कुणीतरी चिकूचा भाव विचारायला येतं. म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आधी तारखांबद्दल. फेब्रुवारीच्या शेवटाला बोलावलंय, ते विचार करून. इथे नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस नसतो. शिवाय ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, म्हणजे त्यांच्या उपवासाचा काळ, तेव्हा चालू असेल. ऐन पवित्र आठवड्यात इथे पाय ठेवायला जागा नसते, खोल्यांचे भाव कुठल्या कुठे जातात आणि आईला गर्दीत घाबरायला होतं. पण त्या आधीच्या रविवारीही मिरवणुका निघतात. जांभळे झगे घातलेली माणसं एक भला मोठा लाकडी देव्हारा खांद्यावर घेऊन तासन् तास डुलत चालतात, आपल्या पालखीसारखीच, फक्त कितीतरी पट जड. तिच्या वाटेवर लोक आपापल्या दारासमोर रंगवलेल्या भुशाचे, फुलांचे, पाइनच्या हिरव्या काड्यांचे गालिचे काढतात. रांगोळीच ती. आई, उंबऱ्यापुढच्या रांगोळीवर चुकून पाय पडला की तू घर डोक्यावर घेतेस. इथे रात्रभर जागून काढलेल्या गालिच्यावरून मिरवणूक जाते आणि पाच मिनिटांत सगळं विस्कटून जातं. त्यासाठीच काढलेला असतो तो. मागून झाडूवाले येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तुझी फार आठवण आली होती.

आता गाव. आंतिग्वा म्हणजे ‘जुनी’. ही ग्वाटेमालाची राजधानी होती. १५४३ साली वसवली. २९ जुलै १७७३च्या भूकंपात निम्मंअधिक गाव कोसळलं आणि १७७६मध्ये राजधानी आजच्या ग्वाटेमाला सिटीला हलवली. पण सगळे काही गेले नाहीत. जे राहिले त्यांनी पडकी चर्च, पडके मठ तसेच ठेवून मधल्या जागेत संसार मांडले. म्हणून इथे बेकरीच्या शेजारी बिनछपराचं चर्च, वाण्याच्या मागे कमानींची रांग. बाबा, तुम्हाला वसईचा किल्ला आठवेल, फक्त हा किल्ला राहता आहे.

उंची समुद्रसपाटीपासून साधारण १५०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा शंभरेक मीटर खाली. दिवसा छान ऊन, रात्री थंडी. दोघांचे स्वेटर आणि पायमोजे घ्या. समुद्रकाठच्या माणसांना ही थंडी खरी वाटत नाही, बाबांना तर मुळीच वाटणार नाही, तरी घ्या.

गावातले रस्ते दगडी आहेत, गोटे बसवलेले, एकही सपाट नाही. मी आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात घोटा मुरगाळून घेतला आणि आठ दिवस खिडकीतून ज्वालामुखी बघत बसले. आई, तुझ्या त्या गुळगुळीत चपला घरीच राहू देत. मागे पट्टा असलेले बूट घे. मी सगळा कार्यक्रम तुझ्या गुडघ्यांप्रमाणे आखलाय: सकाळी एक ठिकाण, दुपारी घरी आडवं व्हायचं, संध्याकाळी चौक. आणि जिथे चालवणार नाही तिथे रिक्षा. इथे तिला टुकटुक म्हणतात, लाल रंगाची असते आणि समोर काय लिहिलेलं असतं सांगू? बजाज. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी रस्त्यात उभी राहून एकटीच हसले. मीटर मात्र नाही; बसायच्या आधी भाव ठरवायचा. ते काम बाबांचं.

पहिल्या दिवशी फक्त मधला चौक. जांभळी फुलं आलेली जकरंदाची झाडं, बूट पॉलिश करणारी पोरं, बाकांवर पेपर वाचणारे म्हातारे. मधोमध कारंजं आहे, त्यातल्या जलपऱ्यांच्या छातीतून पाणी येतं. आई, फोटो काढताना उगाच तोंड फिरवू नकोस, इथल्या आज्याही त्याच्यासमोर बसून गप्पा मारतात.

तिथून उत्तरेला सान्ता कातालिनाची पिवळी कमान. सगळे प्रवासी तिच्याखाली फोटो काढतात, पण ती बांधली कशासाठी ते थोड्यांना माहीत असतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मठाच्या इमारती होत्या आणि आतल्या जोगिणींनी बाहेरच्या माणसाच्या नजरेला पडायचं नाही असा नेम. म्हणून १७व्या शतकाच्या शेवटी रस्त्यावरून हा बंद पूल घातला. वरचं घड्याळ पुढे १९व्या शतकात आलं. सकाळी लवकर गेलात तर कमानीतून समोर आग्वा ज्वालामुखी सरळ दिसतो. नऊनंतर ढग येतात आणि मग फक्त माणसं दिसतात.

माझं सर्वांत आवडतं ठिकाण मात्र कापुचिनासचा मठ. तिथे एक गोल चौक आहे आणि भोवती जोगिणींच्या अठरा खोल्या, एकीत जेमतेम एक खाट मावेल एवढ्या. त्याच्या खाली एक गोल तळघर आहे, मधोमध एकच जाडजूड खांब. त्यात नुसतं गुणगुणलं तरी आवाज भिंतीभिंतीवरून फिरून आपल्याच कानाशी येतो. पायऱ्या थोड्या आहेत, मी हात धरीन. आई, तू तिथे भूपाळी म्हणायची आहेस. मी हे वर्षभर मनात ठेवलंय, नाही म्हणू नकोस.

पडक्या जागा तीनापेक्षा जास्त दाखवणार नाही, चौथ्या ठिकाणी सगळे खांब सारखेच दिसायला लागतात. कापुचिनास, चौकातल्या कॅथेड्रलच्या मागचे बिनघुमटाचे अवशेष आणि ला मेर्सेद. ला मेर्सेदचं चर्च पिवळं, त्यावर पांढऱ्या चुन्याची नक्षी, केकवर क्रीम काढावं तशी. आणि बुटकं, जाड भिंतींचं, कारण बांधणाऱ्यांनी भूकंपाचा धसका घेतला होता. सेरो दे ला क्रूस या टेकडीवर रिक्षाने जाऊ. तिथून अख्खं गाव पाटावर मांडल्यासारखं दिसतं.

ज्वालामुखींबद्दल आईने तीनदा विचारलंय. तीन आहेत. आग्वा, म्हणजे पाणी, आकातेनांगो, आणि फ्वेगो, म्हणजे अग्नी. धुमसतो तो तिसरा. जागा असला की रात्री गच्चीवरून त्याच्या माथ्यावर लाल ठिणगी उडताना दिसते, मग थोड्या वेळाने दुरून दार आपटल्यासारखा आवाज येतो आणि खिडक्या थरथरतात. कधी कधी मात्र महिनोन् महिने गप्प असतो, तेव्हा दिसलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. तो गमतीचा विषय नाही हेही खरं. ३ जून २०१८ला त्याने उतारावरची वस्ती गाडून टाकली. आपण त्याच्या अंगावर चढायला जाणार नाही. बाबा, तुम्ही तर नाहीच. आणि एखाद्या रात्री पलंग हलला तर घाबरू नका, बारीक धक्के इथे येतात. दरवाजाजवळ चपला ठेवायच्या, बस.

आता खाणं. बाबा, इथून नीट वाचा.

पेपियान. आपल्या वाटणाचा रस्साच. तीळ, भोपळ्याच्या बिया, सुक्या मिरच्या, टोमॅटो सगळं तव्यावर काळपट होईपर्यंत भाजायचं, वाटायचं आणि त्यात कोंबडी शिजवायची. खोबरं नाही, गरम मसाला नाही, तरी पहिला घास घेतला की वाटतं कुणीतरी आपल्या बाजूचं आहे. ला फोंदा दे ला काय्ये रेआल या जुन्या खाणावळीत चांगला मिळतो. पण खरं सांगू, बाजारातल्या बाकड्यावर बसून खाल्लेला मला जास्त आवडतो, आणि पैसेही कितीतरी कमी. एक केत्साल म्हणजे साधारण ११-१२ रुपये धरा. दर वेळी गुणाकार करत बसू नका, जेवण थंड होतं.

आई, तुझं गुरुवारचं आणि चतुर्थीचं बघितलंय. काळ्या घेवड्याची उसळ, भात, केळी, अवाकाडोची चटणी मिळेल. पण घेवड्यात डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचा रस्सा घालायची इथे सवय आहे. ‘शाकाहारी’ म्हणून चालत नाही. मी तसंच म्हणून एकदा फसले आणि अर्धी वाटी संपल्यावर कळलं. दोन्ही गोष्टी नाव घेऊन विचाराव्या लागतात, ते मी करीन. रेयेनितोस मात्र तू न विचारता खा. पिकल्या केळ्याच्या आवरणात काळ्या घेवड्याचं गोड पुरण, तळलेलं, वर साखर. ऐकायला विचित्र वाटतं ना? पुरणपोळी खाणाऱ्यांनी तरी नाक मुरडू नये.

आणि भाकरी! इथे ती मक्याची, तळहाताएवढी, जाडसर. मका चुन्याच्या पाण्यात उकडून दळतात आणि हातावर थापतात. दुपारी बारा वाजता गल्लीतून चालताना टप टप टप आवाज येतो. माझ्या घराजवळ तिघी बायका चुलीपाशी उभ्या राहून थापतात. एकदा मी म्हटलं, मला द्या गोळा. आणि तुझ्यासारखी, परातीत फिरवत नेतात तशी, मोठी पातळ करायला गेले. कडेला चिरली. तिघी हसून हसून बेजार. मग त्यातल्या म्हातारीने माझा हात धरून दाखवलं: बोटं वाकवायची, कड बोटांनीच गोल करायची, मोह आवरायचा. तिला मी सांगून ठेवलंय की माझी आई येणार आहे, तिच्याशी स्पर्धा लाव.

संध्याकाळी शनिवार-रविवारी ला मेर्सेदसमोर गाड्या लागतात. कणसं लिंबू-मीठ लावून, आपल्यासारखीच, आणि मक्याचं गरम गोड आतोल. गोडासाठी दोन्या मारिया गोर्दियो हे १८७२पासूनचं दुकान. तिथली ‘कोकादा’ म्हणजे नारळाची वडी. दुधाच्या बारीक कांड्या मिळतात, त्या बाबांना बेतानेच द्यायच्या, साखर आठवून. त्यापेक्षा लाल सरबत प्या, हामाइका नावाचं. रंग बघून काही कळणार नाही, चव घेतलीत की कळेल: आपल्या लाल अंबाडीची बोंडं.

नळाचं पाणी मात्र अजिबात नाही, दात घासायलाही नाही.

आतितलान तळ्यावर दोन दिवस जाऊ, गाडीने तीनेक तास. बाकी फार हिंडवणार नाही. एक अपवाद, आणि तो बाबांसाठी. इथल्या बाजारात ‘चिको’ म्हणून फळ विकतात. बाबा, तोच. आपलं चिकू हे नावच या मुलखातून आलंय आणि झाडही. उत्तरेला तिकाल म्हणून मायांचं जुनं शहर आहे, दाट जंगलात, विमानाने तासाभराचं. तिथल्या उंच देवळांच्या दारांवर चिकूच्या लाकडाच्या तुळया आहेत, बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या, पावसापाण्यात टिकलेल्या. आणि आजूबाजूला जंगलात उभे चिकू, आपल्या वाडीतल्या झाडांच्या दुप्पट-तिप्पट उंच, बुंध्यांवर तिरक्या चिरा पडलेल्या. च्युइंगमसाठी चीक काढायचे त्याच्या खुणा. मी गेले होते तेव्हा एका झाडाला हात लावून तुम्हाला फोन लावायचा प्रयत्न केला, तर तुमच्याकडे रात्रीचा दीड वाजला होता. यंदा तुम्ही स्वतःच लावा हात.

सामानात: गोडा मसाला छोटी पिशवी, आईच्या गोळ्या हातातल्या बॅगेत आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत, कोकम थोडं. लोणचं मोठ्या बॅगेत, तीन पिशव्यांत गुंडाळून. व्हिसाचे कागद मी बघतेय, सह्या मागितल्या की फक्त सह्या करा, बाबा, प्रत्येक ओळ वाचून फोन करू नका.

आणि आई, श्रीखंडासाठी वेलची आणू नकोस. मी वेलचीच्या व्यापारातच आहे हे तू दर वेळी विसरतेस. जगात सर्वांत जास्त वेलची या देशातून बाहेर जाते, इथले लोक स्वतः जवळजवळ खातच नाहीत, आणि मूळ रोप तर आपल्याकडचंच. माझ्या स्वयंपाकघरात किलोभर पडून आहे. तू फक्त चक्का बांधायचं फडकं आण.

तुमची,
मनू