दोन दिवसांच्या ओळखीचे ऋण

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

हे पत्र मी आपल्याला खासगी संदेश म्हणूनही पाठवू शकले असते. परंतु आपण केलेल्या मदतीची रीत नोकरीच्या शोधात असलेल्या आणखी काही जणांना उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते, म्हणून आपले नाव न घेता सर्वांसमोर आपले आभार मानत आहे.

आपली प्रत्यक्ष ओळख अवघ्या दोन दिवसांची. आठ वर्षांपूर्वी मी ज्या प्रयोगशाळेत तपासणीचे काम करत होते, तिथे आपण ऑडिटसाठी आला होतात. शीतकपाटाच्या तापमानाची नोंदवही आपल्यासमोर ठेवताना, सलग चार दिवसांचे आकडे तंतोतंत सारखे आहेत आणि त्यांवर विश्वास ठेवता येणार नाही, हे मीच आपल्याला सांगितले होते. थर्मामीटर बिघडला होता आणि नोंदींखालची सही माझी होती. त्यानंतर आपली गाठभेट झाली नाही की फोन झाला नाही.

पुढे आईच्या आजारपणामुळे मी नोकरी सोडली आणि तीन वर्षे घरी राहिले. परत कामावर रुजू व्हायचे ठरवले तेव्हा जाहिराती पाहून चाळीसच्या वर अर्ज केले. उत्तरे आली तीन. एका मुलाखतीत तर समोरच्या गृहस्थांनी बायोडेटातील त्या तीन वर्षांवर बोट ठेवले, ‘म्हणजे आपण काहीच करत नव्हतात’ असे म्हटले आणि पाचव्या मिनिटाला मला निरोप दिला. त्या दिवसानंतर अर्ज भरायला बसले की हात जड व्हायचे.

लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळावर माझे खाते होते, पण नावापुरते. नाव, पदवी, जुन्या संस्थेचा उल्लेख आणि नावाखाली ‘नोकरीच्या शोधात’ एवढीच ओळ. एका रात्री ‘आपल्या ओळखीचे असू शकतात’ अशा सूचनांमध्ये आपला फोटो दिसला. आठ वर्षांनी, दोन दिवसांच्या ओळखीवर विनंती पाठवणे मला संकोचाचे वाटत होते. तरी दोन ओळी लिहिल्या: मी कोण, आपण कुठे भेटलो होतो. अर्ध्या तासात आपले उत्तर आले, ‘थर्मामीटरवाल्या तुम्हीच ना?’ ते वाक्य वाचून मला किती धीर आला, हे मी आपल्याला तेव्हा सांगू शकले नव्हते, आज सांगते.

पुढच्या आठवड्यात आपण माझे प्रोफाइल ओळीओळीने तपासलेत. ‘नोकरीच्या शोधात’ ही ओळ आपण सर्वांत आधी काढायला लावलीत, कारण माणूस शोधणारे लोक शोधचौकटीत कौशल्याचे आणि पदाचे नाव लिहितात, ‘नोकरीच्या शोधात’ असे कोणीही लिहीत नाही. त्या जागी ‘गुणवत्ता नियंत्रण, उपकरणांचे कॅलिब्रेशन (म्हणजे मापे प्रमाणाशी ताडून पाहणे), प्रयोगशाळा दस्तऐवज’ असे आले. नोकरी हवी आहे हे कळवण्यासाठी वेगळी सोय आहे आणि ती फक्त भरती करणाऱ्यांनाच दिसेल अशीही ठेवता येते, हे मला आपल्याकडूनच समजले. माझ्या अनुभवाच्या रकान्यात ‘नमुने तपासण्याची जबाबदारी सांभाळली’ असे एक गुळमुळीत वाक्य होते. आपण विचारलेत: किती नमुने, कशाचे, आणि तुमच्यामुळे काय बदलले? उत्तर लिहिता लिहिता मलाच आठवले की, कॅलिब्रेशनची मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी आठवण देणारा तक्ता मी तयार केला होता आणि त्यानंतर माझ्या विभागातील एकाही उपकरणाची तारीख चुकली नाही. बायोडेटा लिहिताना हे मला कधी सांगण्यासारखे वाटलेच नव्हते.

त्या तीन वर्षांच्या खंडाबाबत मी गप्प राहावे असे माझ्या जवळच्या सगळ्यांचे मत होते. आपले मत उलटे होते. लिंक्डइनने २०२२ पासून प्रोफाइलमध्ये करिअर ब्रेक नोंदवण्याची स्वतंत्र सोय दिली आहे. ती वापरून ‘कुटुंबीयाची शुश्रूषा’ असे स्पष्ट लिहा, रिकामी जागा दिसली की वाचणारा ती आपल्या मनाने भरतो, असे आपण म्हणालात. मी तसे लिहिले. त्यानंतरच्या एकाही मुलाखतीत मला त्या वर्षांचा खुलासा करावा लागला नाही.

जवळच्या माणसांना जे जमले नाही ते दोन दिवसांच्या ओळखीला कसे जमले, याचा विचार करताना मी थोडे वाचन केले. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दुर्बळ धाग्यांचे, म्हणजे जुजबी ओळखींचे, बळ मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले की, ज्याने माहिती दिली त्याला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता? आठवड्यातून किमान दोनदा भेटणारे फक्त १६.७ टक्के निघाले. बाकीच्यांना ती वार्ता अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. कारण साधे आहे. आपली जवळची माणसे आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे त्यांना कळलेली जागा बहुधा आपल्यालाही आधीच कळलेली असते. अर्धवट ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळातला असतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यावरच एक मोठा अभ्यास आला. ज्या सूचनेतून आपण मला सापडलात, त्याच सूचनांच्या गणितात फेरफार करून, दोन कोटींहून अधिक सदस्यांच्या पाच वर्षांच्या माहितीवरून संशोधकांनी हा सिद्धांत लिंक्डइनवर पडताळला. मध्यम दुर्बळ ओळखी नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी ठरल्या आणि अगदी घट्ट ओळखी सर्वांत कमी. अर्थात, ज्या उद्योगांत डिजिटल कामकाज कमी आहे तिथे घट्ट ओळखींचाच उपयोग अधिक होतो, असेही त्यांना आढळले, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरी दुर्बळ ओळखींचा तो निष्कर्ष वाचून माझा संकोच बराच कमी झाला. मी आपल्याला त्रास देत आहे असे समजत होते. प्रत्यक्षात अशा ओळखी जिवंत ठेवण्यासाठीच हे व्यासपीठ आहे.

आपली आणखी एक सूचना मला अर्ज करण्याइतकीच मोलाची वाटते. जाहिराती अर्जासाठी वाचू नका, अभ्यासक्रमासारख्या वाचा, असे आपण सांगितलेत. मी वीस जाहिराती समोर ठेवून वारंवार येणारे शब्द वहीत उतरवले. मापनातील अनिश्चितता आणि प्रयोगशाळांच्या क्षमतेसाठीच्या ‘आयएसओ/आयईसी १७०२५’ या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१७ ची आवृत्ती, हे दोन उल्लेख पुन्हापुन्हा येत होते. मी शिकले होते ती आधीची, २००५ ची आवृत्ती. त्या वहीने मला माझी उणीव दाखवली, आणि दोन महिने मी तेवढेच शिकत राहिले. शिकताना पडलेले प्रश्न मी त्या विषयावर लिहिणाऱ्यांच्या पोस्टखाली विचारत गेले. कधीही न भेटलेल्या माणसांनी सविस्तर उत्तरे दिली. काही भामटेही भेटले. नोंदणी शुल्काच्या नावाखाली आधी पैसे मागणारा कोणताही देकार खोटा समजावा, हे आपण आधीच बजावले होते म्हणून मी वाचले.

मग आपल्याच आग्रहाने त्या बिघडलेल्या थर्मामीटरची हकिकत मी पोस्ट म्हणून लिहिली: सारखे आकडे दिसले की शंका का घ्यावी, नोंद दुरुस्त कशी करावी, चुकीच्या नोंदीवर पांढरी शाई का लावू नये. आपण तिच्याखाली एक वाक्य लिहिलेत, आणि त्यामुळे ती आपल्या परिचितांपर्यंत पोहोचली. त्यांपैकी एका प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी मला संदेश पाठवला. मुलाखतीत त्यांनी पहिला प्रश्न त्या नोंदवहीबद्दलच विचारला आणि आम्ही पाऊण तास केवळ कामाविषयी बोललो. गेल्या महिन्याच्या एक तारखेपासून मी तिथे गुणवत्ता विभागात रुजू झाले आहे.

एक विनंती आहे. आपल्यासाठी मी लिंक्डइनवर एक शिफारस लिहून पाठवली आहे. आपण ती स्वीकारल्याशिवाय ती आपल्या प्रोफाइलवर दिसणार नाही. आपल्या कारकिर्दीला माझ्यासारखीच्या चार ओळींची गरज नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ती कृपया स्वीकारावी. तिच्यात एकही विशेषण घातलेले नाही. किती वेळ दिलात, काय विचारलेत आणि त्यामुळे काय बदलले, एवढेच आपल्या पद्धतीने लिहिले आहे.

आपली कृतज्ञ,
थर्मामीटरवाली